मयतीची गाडी आणि चार वायरींचा सेन्सर

इंजिन खोलणारा मिस्त्री वेगळा आणि आम्ही वायरिंगवाले वेगळे, हे गिऱ्हाइकाला मी आयुष्यभर समजावून सांगत आलो, आणि गिऱ्हाइकाने ते आयुष्यभर या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. त्यांच्या लेखी गाडीखाली आडवा पडलेला प्रत्येक माणूस मिस्त्रीच. अकोल्यात बाळापूर नाक्यावर माझं दुकान होतं. आता ते पुतण्या चालवतो आणि मी बाहेर खुर्ची टाकून त्याच्या चुका काढतो. नमुने तर असे भेटले की विचारू नका. अकोटचा एक जिनिंगवाला हॉर्न बदलून घ्यायला आला, कारण काय तर जुना हॉर्न वाजवला की सासरेबुवा ओरडल्यासारखे वाटतात. परतवाड्याचा एक जीपवाला म्हणाला, "भाऊ, लाइट लावला का गाडी लाजते." खरंच लाजत होती. अर्थिंगची वायर सैल होती, लाइट लावला की इंजिन खाली बसायचं. असं बरंच सांगता येईल. पण या अंकाच्या संपादकांनी धंद्यातलं काही लिहा म्हटलं तेव्हा मला यातलं काहीच आठवलं नाही. नारूभाऊंची गाडी आठवली, आणि ती आठवली की दुसरं काही लिहिणं होत नाही.

नारूभाऊ म्हणजे नारायणराव बोचरे. एसटीचे ड्रायव्हर. त्यांची सगळी नोकरी अकोला-अमरावती रस्त्यावर झाली. ते निवृत्त झाले त्याच सुमारास जुन्या शहरातल्या त्यांच्या मोहल्ल्याच्या मंडळाने एक जुनी पिकअप घेतली, मागच्या डाल्याला, म्हणजे माल ठेवायच्या हौद्याला, काचा बसवल्या, पांढरा रंग दिला आणि मयतीची गाडी केली. खांदा द्यायला तरणी माणसं गल्लीत उरली नव्हती. जी होती ती साहेबाकडून सुट्टी मिळेल की नाही याच्या काळजीत. गाडी चालवायला नारूभाऊ पुढे आले. एक पैसा घ्यायचे नाहीत. कोणी कौतुक केलं तर म्हणायचे, "जनमभर मानसं उभी नेली, आता आडवी नेऊन राहिलो. काम तेच."

पण गाडी ऐन मयतीत दगा द्यायची. मयतीच्या गाडीची चाल कशी असते ते सांगतो. सगळ्यांत पुढे मडकं धरणारा चालतो, त्याच्यामागे गाडी आणि गाडीमागे लोक. म्हणजे गाडीने माणसाच्या पायाने जायचं. त्या चालीने थोडं अंतर कापलं की इंजिन अडखळायला लागायचं. काळा धूर मागच्या लोकांच्या तोंडावर, कच्च्या पेट्रोलचा वास, आणि विसाव्याला पोचेपर्यंत तिचा जीव गेलेला. विसावा म्हणजे अर्ध्या वाटेवरची ठरलेली जागा. तिथे मयत थोडी थांबवतात, पाणी फिरवतात, आणि त्या मोहल्ल्यातल्या बायका तिथूनच मागे फिरतात. नेमकी तिथे गाडी बंद पडायची ती पुन्हा चालू व्हायची नाही. मग धक्का. एकदा एका तरुण शिक्षिकेची मयत होती. रडून रडून अर्धे झालेले लोक बाह्या सरसावून गाडी ढकलत होते, आणि गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. मुलीच्या भावाने नारूभाऊंना नाही नाही ते ऐकवलं. उभ्या नोकरीत ज्याची एसटी रस्त्यात कधी बंद पडली नाही, त्या माणसाने ते खाली मान घालून ऐकून घेतलं.

तीन गॅरेज करून ते माझ्याकडे आले. प्रत्येकाने आपापल्या परीने हात धुऊन घेतले होते. एकाने प्लग बदलले, एकाने पेट्रोलचा पंप, एकाने फिल्टर. बदलून झालं की गाडी बायपासला नेऊन दामटायची. ती लोण्यासारखी पळायची. मग गॅरेजवाला म्हणायचा, "गाडी एक नंबर हाय नारूभाऊ, आता तुमीच बुढे झाले."

"रस्त्यावर पळते अन् मयतीत बंद पडते," नारूभाऊ माझ्यासमोर बसून म्हणाले. "मंडळातले म्हनतात, गाडीले काही लागलं असन. नारळ फोडा."

माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "मशीनले मांगं कोन निजलं हाय ते समजत नाही, नारूभाऊ."

"मंग काहून बंद पडते?"

मी बॉनेट उघडायला उठलो. आणि तेव्हाच त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांच्या बायकोचं, कमलवहिनींचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. अमरावतीला दवाखान्यात होत्या. पोटात गाठ होती, ती पसरली होती. लेकरूबाळ नाही, घरात दोघंच. वहिनींनी सांगून ठेवलं होतं की मला न्याल ते तुमच्याच गाडीतून न्या, दुसरी गाडी बोलवू नका. "अन् धक्का मारू नका म्हनते," नारूभाऊ म्हणाले. "मिस्त्री, माह्याजवळ दिवस कमी हायेत. ही गाडी तिच्यासाठी नीट झाली पायजे. बाकी मयतींचं जाऊ द्या."

तिन्ही गॅरेजवाले एकाच जागी चुकले होते, आणि आमच्या धंद्यात ती चूक सगळेच करतात. आम्ही गाडी तपासतो ती आम्हाला आवडते त्या वेगाने. मी म्हणालो, "चला, मयतीच्या चालीनं चालवा."

नारूभाऊंनी दोन-तीनदा प्रयत्न केला. मग काच खाली करून ओशाळून म्हणाले, "पुढं कोनी चालल्याबिगर मले तो वेग सापडत नाही."

मग मीच पुढे झालो. बॉनेटमधून लांब वायरी काढल्या, त्या मीटरला जोडल्या, आणि तो मीटर दोन्ही हातांत छातीशी धरून गाडीपुढे चालू लागलो. आमच्यात मडकं नाही, विसावा नाही. भंते येतात, त्रिसरण-पंचशील होतं, संपलं. त्यामुळे मी कसा दिसतो आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मयतीच्या नेहमीच्या वाटेने नारूभाऊंच्या गल्लीत वळलो तर किराणावाल्याने शटर अर्धं खाली ओढलं. एका सायकलवाल्याने उतरून हात जोडले. ओट्यावरची एक म्हातारी पदर डोक्यावर घेत म्हणाली, "कोन गेलं व माय?" मी म्हणालो, "कोनी नाही गेलं, गाडी चेक करून राहिलो." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुःखाने याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. मागे नारूभाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होते. त्या सगळ्या दिवसांत त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण मीटरवर उत्तर मिळालं. धूर जातो त्या नळकांड्यात एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो, अंगठ्याएवढा. तो धुराची चव घेतो आणि पेट्रोल जास्त झालं की कमी पडलं ते गाडीच्या कॉम्प्युटरला सतत कळवत राहतो. त्यावर कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. मात्र हा सेन्सर चांगला तापल्याशिवाय बोलत नाही. या गाडीतला सेन्सर जुन्या पद्धतीचा, एका वायरीचा. त्याला स्वतःची ऊब नाही, इंजिनाचा धूर तापवेल तेवढाच तापायचा. बायपासला पळताना तो तापलेला, म्हणून सगळं सुरळीत. माणसाच्या पायाने चालताना धूर मंद, नळकांडं थंड, आणि सेन्सर मुका. तो मुका झाला की कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल ओततो. तो अंदाज नव्या इंजिनासाठी बांधलेला. हे इंजिन म्हातारं झालेलं, त्याला ते ओतलेलं पेट्रोल पेलत नव्हतं. मीटरवरचा आकडा आधी खालीवर नाचत होता, म्हणजे सेन्सर बोलत होता. गल्लीच्या तोंडाशी आलो तसा मंदावला, आणि पुढच्या देवळाजवळ एका जागी थिजला. मी वळून पाहिलं तर काळा धूर सुरू झालेला.

याच्यावर इलाज एकच होता. ज्याच्या पोटात स्वतःची शेगडी असते असा चार वायरींचा सेन्सर बसवायचा. दोन वायरी शेगडीच्या, दोन निरोपाच्या. मग इंजिन कितीही मंद चालो, सेन्सर तापलेलाच राहतो. अकोल्यातल्या सामानवाल्यांनी गाडीचं वय ऐकलं आणि मला वेड्यात काढलं. भंगारात द्या म्हणाले. शेवटी मी एसटी धरली आणि अमरावतीच्या जुन्या सामानाच्या बाजारात शोधत हिंडलो. एका दुकानात दुसऱ्या कुठल्या कारचा, पण आटे जुळून त्याच भोकात बसेल असा चार वायरींचा सेन्सर मिळाला, डबीत बंद, कोरा.

तिथून दवाखान्यात गेलो तर नारूभाऊ व्हरांड्यात पिशव्या भरत होते. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. ते कशासाठी सांगतात हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं. मी दोन पिशव्या उचलल्या. भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर वहिनींना आडवं केलं, त्यांचं डोकं नारूभाऊंच्या मांडीवर, आणि मी पुढे. बाई अगदी वाळून गेल्या होत्या, पण जिभेला काही झालेलं नव्हतं.

"मिस्त्री, भेटलं का तुमचं ते?"

मी डबी मागे दिली. त्यांनी सेन्सर हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"एवढंसं? अन् याच्यापाई एवढा तमाशा?"

"आतमधी शेगडी हाय त्याच्या, वहिनी. थंडा पडत नाही."

"बरं हाय बाप्पा त्याचं," त्या म्हणाल्या. मग डबी परत देत, "अन् लवकर बसवा. धक्का मारत नेलं मले त लोकं म्हनतीन, बाई मेल्यावरबी जड झाली."

नारूभाऊ म्हणाले, "चूप राह्य न आता."

"काहून चूप राहू? मिस्त्री, तुमीच सांगा. डायवरची बायको मी, अन् यायच्या गाडीत एकडाव बी बसली नाही. लग्नाले जा, मयतीले जा, मी दुसऱ्याच्या एसटीत. मले म्हनत, घरचं मानूस गाडीत असलं का ध्यान लागत नाही. आता बसीन त ध्यान हटाचं काम नाही. आता मी काही बोलनार नाही मांगून."

मूर्तिजापूर मागे पडलं. नारूभाऊ खिडकीबाहेर बघत होते. ज्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा त्यांना पाठ, त्या रस्त्यावर मी त्यांना पहिल्यांदा प्रवासी म्हणून बसलेलं पाहत होतो.

सेन्सर बसवणं ऐकायला सोपं आहे. जुना सेन्सर नळकांड्यात गंजून असा एकजीव झाला होता की निघता निघेना. इंजिन तापवलं, तेल सोडलं, पान्याला पाइप लावून मी आणि पुतण्या दोघं लोंबकळलो, तेव्हा कुठे सुटला. शेगडीच्या वायरी फ्यूज आणि रिले टाकून पेट्रोल पंपाच्या लाइनवर घेतल्या, म्हणजे इंजिन चालू असेल तेव्हाच शेगडी पेटेल आणि बॅटरी उतरणार नाही. निरोपाच्या वायरी मी झाळ, म्हणजे सोल्डर, मारून नाही, दाबून जोडल्या. या सेन्सरला बाहेरची ताजी हवा लागते आणि ती तो वायरीच्या आतून, तांब्याच्या तारांमधल्या फटीतून ओढतो. तिथे झाळ भरली की त्याचा श्वास बंद होतो. हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि सांगितलं तर पटत नाही. मग पुन्हा मीटर घेऊन मी गाडीपुढे चाललो. देवळाजवळ आलो, त्याच्यापुढे गेलो, थेट विसाव्यापर्यंत गेलो. आकडा नाचतच होता. मागे वळून पाहिलं तर धूर नाही, वास नाही. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी फार आनंद झाला होता. आपण काय केलं आणि कशासाठी केलं, यातलं दुसरं मी विसरूनच गेलो होतो.

वहिनींना आवाज ऐकवायला म्हणून नारूभाऊंनी गाडी घरापुढे आणली. शेजाऱ्यांना ते आवडलं नाही. घरात आजारी माणूस असताना दारात मयतीची गाडी उभी करतात का? पण वहिनींनी खाट दारात ओढून घ्यायला लावली.

"चालू हाय का बंद हाय?" त्यांनी विचारलं. इंजिन इतकं शांत चालत होतं.

"चालू हाय," नारूभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा दहावी पास झालेल्या पोरासारखा झाला होता.

"मंग बसवा मले पुढच्या सीटवर. त्या चौकापर्यंत न्या अन् आना."

नारूभाऊ एकदम चिडले. "काही बी बोलतं! जित्या मानसानं बसत नसते त्या गाडीत."

"तुमी बसता ना? तुमी काय मेले हा?"

आम्ही सगळे हसलो. शेजारीणही हसली. नारूभाऊही हसले, पण गाडीचं दार काही त्यांनी उघडलं नाही. वहिनींनी पुन्हा म्हटलं नाही. खाटेवरून त्या गाडीकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने त्यांना ऊन लागायला लागलं आणि खाट आत घेतली.

त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. निरोप आला तेव्हा मी गेलो. नारूभाऊंनी गाडी धुतली होती, काचा पुसल्या होत्या, पुढच्या जाळीला झेंडूचा हार बांधला होता. डोळ्यांत पाणी नाही. ड्युटीवर निघाल्यासारखे ते एकेक गोष्ट करत होते. वहिनींना गाडीत ठेवलं. नारूभाऊंनी मागची कडी दोनदा ओढून पाहिली, पुढे आले, सीटवर बसले, आरसा नीट केला. आरशातून मागची काच दिसते. त्यांनी आरसा पुन्हा एकदा हलवला. मग किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

तेव्हा त्यांचे थोरले चुलतभाऊ खिडकीशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "नारू, उतर बापा. मडकं तुलेच धरा लागते."

नारूभाऊंना ते कळलंच नाही. ते म्हणाले, "मी गाडी चालवतो ना."

"गाडी कोनीबी चालवीन. मडकं कोन धरीन? तूच हाये तिले."

किती मयती नेल्या या माणसाने. मडकं कोणी धरायचं, कुठे वळायचं, कुठे थांबायचं, गोंधळलेल्या घरच्या लोकांना हेच समजावून सांगायचे. पण स्वतःच्या बायकोला नेताना आपल्याला गाडीत बसता येणार नाही, पुढे पायी चालावं लागेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. आम्ही दोघं नुसते सेन्सरच्या मागे लागलो होतो. ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसून राहिले. कोणाला घाई करवेना. शेवटी ते उतरले. मला शोधलं आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमी बसा. दुसऱ्याच्या हातात नाही देत मी आज."

मी बसलो. पुढे नारूभाऊ मडकं घेऊन चालू लागले. चप्पल नव्हती, सदरा पाठीला चिकटलेला. गाडीच्या काचेतून मला त्यांच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. इंजिन असं चाललं होतं की कोणाही मिस्त्रीने कान देऊन ऐकावं. नारूभाऊ हळू चालत होते. देवळाजवळ आले तसे आणखी हळू झाले. मीही पाय सैल केला. त्यांच्या चुलतभावाने जवळ जाऊन त्यांच्या दंडाला धरलं, तरी त्यांची चाल काही वाढली नाही. दोनदा त्यांनी मान वळवून गाडीकडे पाहिलं. मला वाटलं, धूर होतो का ते बघताहेत. मी आतून हात हलवून सांगितलं, सगळं ठीक आहे.

विसाव्याला थांबलो. पाणी फिरवलं. बायका रडत मागे फिरल्या. नारूभाऊ मडकं धरून गाडीच्या तोंडाशी उभे राहिले, बॉनेटकडे बघत. पुढे कोणीतरी चला म्हणालं तरी ते उभेच. इंजिन चालू होतं, एका लयीत. मग ते वळले आणि चालू लागले.

घाटावर वहिनींना खाली घेतलं तेव्हा मी किल्ली बंद केली. लोक लाकडांकडे गेले होते. नारूभाऊ माझ्या खिडकीशी आले.

"मले वाटलं, विसाव्यावर बंद पडीन," ते म्हणाले.

मी धंद्यातला माणूस. मला वाटलं, ते काळजीने बोलताहेत. मी म्हणालो, "आता नाही पडत, नारूभाऊ. आता कदीच नाही पडत."

"पडली असती त बरं झालं असतं, मिस्त्री," ते म्हणाले. "तेवढीच घडीभर आपल्यासंग राह्यली असती."

लोकांनी त्यांना हाक मारली. मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मंडळाची मयतीची गाडी तेव्हापासून मी चालवतो. ती एकदाही बंद पडलेली नाही.